4 जून 1942 : मिडवेचे फोटो आणि कॅमेऱ्यातून निसटलेली काही मिनिटं

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या लढाईवर काहीही शोधायला घ्या, एक फोटो हमखास समोर येतो. हवेत अमेरिकेची दोन डाइव्ह बॉम्बर विमानं, आणि खाली समुद्रात काळ्या धुराचा लोट सोडणारं जपानी जहाज. पाहणारा धरून चालतो की हाच तो निर्णायक क्षण. पण तो फोटो 6 जूनचा आहे आणि जळणारं जहाज ‘मिकुमा’ नावाची क्रूझर आहे. खरा निकाल दोन दिवस आधीच लागला होता.

4 जूनला सकाळी साडेदहाच्या आगेमागे अवघ्या काही मिनिटांत अकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू जहाजांवर बॉम्ब पडले. पॅसिफिकमधल्या युद्धाचं पारडं तिथे फिरलं. आणि ही तीन जहाजं जळत असतानाचा एकही फोटो आजवर समोर आलेला नाही.

याचं कारण अगदी साधं आहे. डाइव्ह बॉम्बरमध्ये दोघेच असत. पुढचा वैमानिक जवळजवळ उभ्या कोनात सूर मारत असे. मागचा पाठमोरा बसून मशीनगन सांभाळत असे. बॉम्ब सुटला की जपानची झीरो लढाऊ विमानं पाठीला लागत, आणि त्यातून सुटलं तरी परतीपुरतं इंधन उरलंय का याची धास्ती. कित्येक विमानं शेवटी समुद्रातच उतरली. कॅमेरा काढायला सवड कोणाला होती?

त्या दिवसाचे जे फोटो आहेत ते या क्षणाच्या अवतीभोवतीचे. सकाळी आठनंतर मिडवेहून गेलेल्या बी-17 या अमेरिकी बॉम्बर विमानांनी सुमारे 20,000 फुटांवरून बॉम्ब टाकले आणि फोटोही घेतले. सोर्यू गिरकी घेत निसटतंय, पाण्यावर फेसाचं मोठं वर्तुळ उमटलंय, बॉम्ब बाजूला पडलेत. वैमानिकांनी परत येऊन नेम लागल्याचे दावे केले. त्यांच्याच फोटोंत मात्र एकही बॉम्ब लागलेला दिसत नाही.

या फोटोंचा खरा उपयोग फार उशिरा झाला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा म्होरक्या मित्सुओ फुचिदा मिडवेच्या वेळी अकागीवरच होता, पण अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे उडू शकला नव्हता. युद्धानंतर त्याने लिहिलं की बॉम्ब पडले तेव्हा डेक, म्हणजे जहाजावरची धावपट्टी, विमानांनी भरलेला होता, पाच मिनिटं मिळती तर सगळी हवेत असती. कहाणी इतकी चटकदार की अनेक दशकं कोणी फारशी शंका घेतली नाही. बी-17 च्या फोटोंत डेक जवळपास रिकामे दिसतात. ते फोटो दोन तास आधीचे, त्यामुळे एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. पण जपानी जहाजांच्या उड्डाण-नोंदी शेजारी ठेवल्या की त्या दोन तासांत लढाऊ विमानांची ये-जा सारखी चालू होती, म्हणजे डेक भरून ठेवायला सवडच नव्हती हे दिसतं, आणि ‘पाच मिनिटांची’ गोष्ट लंगडी पडते.

खुद्द मिडवे बेटावर होता जॉन फोर्ड, हॉलिवूडचा नावाजलेला दिग्दर्शक आणि तेव्हा नौदलाचा राखीव अधिकारी. 108 जपानी विमानं बेटावर आली तेव्हा तो तिथल्याच सँड आयलंड या भागातल्या वीजघराच्या छतावर 16 मि.मी. कॅमेरा घेऊन उभा होता. दिसेल ते फोनवरून खाली कळवणं हेही त्याचंच काम. बॉम्बच्या स्फोटात त्याच्या हातात धातूचे तुकडे घुसले. धक्क्याने कॅमेऱ्यातली फिल्म जागची सरकली आणि चित्र उडालं. दुसऱ्या कोणी तो भाग खराब म्हणून कापला असता. फोर्डने तो ठेवला. सप्टेंबर 1942 मध्ये अठरा मिनिटांचा रंगीत माहितीपट थिएटरांत लागला तेव्हा लढाई अशी हादरते हे प्रेक्षकांनी प्रथमच पाहिलं. फोर्ड तसा धूर्तही होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मुलाची छबी त्याने त्यात बेमालूम घुसवली, म्हणजे व्हाइट हाउसमधून आडकाठी यायची नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळचे वाटतात ते ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरचे फोटो. जहाजावरचा फोटोग्राफर विल्यम रॉय याने दुपारी बॉम्बने पडलेलं डेकचं भगदाड फळ्या ठोकून बुजवणारे खलाशी टिपले. डागडुजी इतकी चटकन झाली की पुढच्या जपानी तुकडीला हे दुसरंच, धडधाकट जहाज वाटलं. ‘पेन्साकोला’ क्रूझरवरून घेतलेल्या फोटोत टॉर्पेडो लागल्याचा क्षण आहे. त्यानंतर पुन्हा रॉयचे फोटो: डेक एवढा कलंडलाय की माणसं उतारावर तोल सावरत चाललीत. 7 जूनला पहाटे यॉर्कटाउन बुडालं.

जपानच्या बाजूने नावाजलेला फोटो एकच, तोही 5 जूनच्या सकाळचा. ‘होशो’ या जपानी विमानवाहू जहाजावरून उडालेल्या जुनाट दुपंखी विमानाला हिर्यू हे चौथं जपानी विमानवाहू जहाज अजून तरंगताना दिसलं: पुढचा डेक कोसळलेला, विमानं वर आणणारी लिफ्ट उडून जहाज चालवायच्या मनोऱ्याला टेकलेली. मायदेशी जनतेला मात्र विजय झाल्याचंच सांगण्यात आलं. जखमींनाही लोकांपासून दूर ठेवलं गेलं.

अकागीचा सांगाडा 2019 मध्ये सोनारवर सापडला. सप्टेंबर 2023 मध्ये ‘नॉटिलस’ जहाजाच्या दूरनियंत्रित यानाने सुमारे साडेपाच हजार मीटर खोल उतरून तो प्रथमच कॅमेऱ्यात घेतला, आणि किनाऱ्यावरचे लोक तो थेट प्रक्षेपणात पाहत होते.