ताकिले की आमान्तानी?

पेरूतल्या टिटिकाका सरोवराचा बेत आखताना त्यातल्या बेटांची ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. पुनो बंदरातून निघणारी दोन दिवसांची बोट-सहल उरोस, आमान्तानी आणि ताकिले एकाच दमात उरकते, त्यामुळे घरी आल्यावर कुठला फोटो कुठला हेच कळत नाही. उरोस तेवढं लक्षात राहतं. तोतोरा नावाच्या पाणगवताचे थरावर थर रचून केलेली ती तरंगती बेटं पायाखाली गादीसारखी दबतात. बाकीची दोन्ही बेटं मात्र खडकाची, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं असलेली, केचुआ भाषा बोलणाऱ्यांची. मोटारी दोन्हीकडे नाहीत.

ताकिले लहान, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं. त्याची ओळख म्हणजे विणकाम. २००५ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. बायका जमिनीवर ठोकलेल्या मागावर पट्टे विणतात, आणि सुया पुरुषांच्या हातात. गप्पा मारता मारता, चालता चालताही बाप्ये टोप्या विणत असतात. टोपी नीट बघा: सगळी लाल असेल तर गडी लग्नाचा, वरचा भाग पांढरा असेल तर अजून मोकळा. लग्नाआधी सासरा जावयाच्या टोपीत पाणी ओतून वीण किती घट्ट ते बघायचा, असंही सांगतात. कंबरेच्या रुंद पट्ट्यावर वर्षभराची शेतीची कामं आणि सणवार विणलेले असतात. थोडक्यात, कंबरेला बांधलेलं पंचांगच. दोन पुरुष भेटले की हात मिळवत नाहीत, पिशवीतली कोकाची पानं एकमेकांना देतात. (तुम्हाला मिळाली तर तिथेच संपवा. कोकेन त्यांपासूनच बनतं, म्हणून भारतात ती आणणं गुन्हा आहे.)

आमान्तानी आकाराने दीडपटीहून मोठं, पण तिथे बघायला असं काही मांडून ठेवलेलं नाही. पाचाताता म्हणजे धरणीपिता आणि पाचामामा म्हणजे धरणीमाता, अशी दोन शिखरं आणि त्यांवर दोन देवळं. एरवी त्यांची दारं बंद असतात. जानेवारीतल्या उत्सवाला उघडतात. लोक इथे येतात ते मुक्कामाला. बोट लागली की यजमानीण धक्क्यावर न्यायला येते आणि चढण तिच्या मागोमाग चढायची. जेवणात किन्वाचं सूप, बटाटे, तळलेलं चीज, वर मुन्या या पुदिन्यासारख्या पाल्याचा चहा. शाकाहारी माणसाची ताकिलेपेक्षा इथे जास्त सोय होते, कारण तिकडे दुपारच्या ताटात बहुधा ट्राउट मासा असतो; नको असेल तर ऑम्लेट मागायचं.

तर एकच रात्र हाताशी असेल तर ती आमान्तानीला काढा आणि दुसऱ्या दिवशी ताकिले बघा. कापडाचं वेड असेल तरच उलट करा. मुक्कामाची घरं ताकिलेवरही आहेत, आणि दुपारी सहलीच्या बोटी गेल्या की बेट शांत होतं.

खरी परीक्षा उंचीची. सरोवरच मुळी ३८१२ मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा सुमारे ३०० मीटर वर. त्यावर ताकिलेच्या धक्क्यापासून पाचशेच्या आसपास पायऱ्या, आणि आमान्तानीची शिखरं ४१०० मीटरच्या घरात. लेहला आपण पहिला दिवस गुमान झोपून काढतो. इथे मात्र लोक समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने पुनोजवळच्या हुलियाकाला उतरतात आणि दुसऱ्या सकाळी बोटीत बसतात. डोकं दुखणार नाही तर काय! त्यापेक्षा वाटेत सुमारे २३०० मीटरवरच्या आरेकिपाला दोन दिवस राहा, मग पुनोला एक दिवस निवांत बसा.

जून ते ऑगस्ट आकाश स्वच्छ, पण रात्री पारा शून्याखाली जातो आणि शौचालय बऱ्याचदा अंगणापलीकडे असतं. टॉर्च विसरू नका. यजमानांसाठी पुनोच्या बाजारातून तांदूळ, साखर, फळं न्या. चॉकलेटांपेक्षा त्याचा त्यांना उपयोग होतो.