एकच डोस पुरेल का? मूत्रमार्गाच्या संसर्गावरील जुन्या चाचण्यांची पार्श्वभूमी

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा ‘उन्हाळी लागली’ म्हणत येणाऱ्या बायका दवाखान्यात हमखास दिसतात. नंदुरबारकडची मिरची तोडणी असो की कपाशीची निंदणी, शेतात आडोसा नसतो. म्हणून मजूर बाया दिवसभर पाणीच कमी पितात. औषध बहुतेकदा मेडिकलवरून येते आणि जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. त्यामुळे एका डोसमध्ये उपचार संपवता येईल का, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. त्याची तपासणी मात्र साठ वर्षांपूर्वी परदेशात सुरू झाली.

तोवर सात ते चौदा दिवसांचा कोर्स ही सर्वसाधारण रीत होती. १९६७ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी एका सल्फा औषधाचा एकच डोस आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकाचा आठवडाभराचा कोर्स यांची तुलना केली. निकाल जवळपास सारखे आले. पण ते सल्फा औषध शरीरातून निम्मे कमी व्हायलाच कित्येक दिवस घेते. म्हणजे बाईने गोळी एकदा घेतली, तरी जंतूंचा औषधाशी सामना दिवसेंदिवस चालू होता. पुढे अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा ३ ग्रॅमचा एकच डोस तपासला गेला. हे औषध काही तासांत लघवीवाटे निघून जाते. दोन्ही प्रयोग ‘एक डोस’ याच नावाखाली एकत्र मोजले गेले आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच आला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या चाचणीने मोठी आशा दाखवली. लघवीतल्या जंतूंवर प्रतिपिंडांचा (जंतूंशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांचा) थर असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे आणि नसेल तर तो मूत्राशयापुरताच आहे, असे त्या वेळी मानत. थर नसलेल्या स्त्रिया अमॉक्सिसिलिनच्या एका डोसने बऱ्या झाल्या, थर असलेल्यांपैकी अनेक झाल्या नाहीत. यातून वाटले की एक डोस उपचारही आहे आणि तपासणीही, कारण जिला गुण येणार नाही तिचा आजार वरपर्यंत गेलेला असेल. पण थर पाहण्याची ती तपासणी पुढे भरवशाची ठरली नाही आणि नेहमीच्या वापरात रुळली नाही.

१९८० च्या दशकात पारडे तीन दिवसांच्या कोर्सकडे झुकले. माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय आहे. एक डोस मूत्राशय साफ करतो, याबद्दल फारसे दुमत नव्हते. आक्षेप त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल होता. ई. कोलाय हा जंतू आतड्यातून योनीमार्गाच्या आसपास येऊन वस्ती करतो आणि तिथूनच पुन्हा मूत्रमार्गात चढतो. एका डोसने ही वस्ती उठत नाही. को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक तीन दिवस दिले तर ती बऱ्याच अंशी उठते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी लघवी तपासली तर एक डोस उत्तम दिसे आणि चार-सहा आठवड्यांनी तपासली तर मागे पडे. शिवाय अनेक चाचण्यांत स्त्रियांची संख्या इतकी कमी होती की ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेणेच चूक होते. हा आक्षेप त्याच काळात स्पष्टपणे मांडला गेला आणि तो रास्त होता.

मला पटत नाही ते पुढचे पाऊल. अमॉक्सिसिलिनचा एक डोस कमी पडला, एवढ्यावरून एका डोसची कल्पनाच बाजूला पडली. कोर्स अर्धवट सोडणाऱ्या बाईच्या बाबतीत तुलना एक डोस आणि तीन दिवस यांची नसते. ती एक डोस आणि दीड दिवस यांची असते. चाचणीत गोळ्या मोजल्या जातात, अक्कलकुव्याच्या पाड्यावर त्या कोणी मोजत नाही.

कल्पना परतली ती फॉस्फोमायसिनमुळे. १९६९ मध्ये स्पेनमधील मातीच्या जंतूपासून मिळालेल्या या औषधाचे ३ ग्रॅमचे पाकीट पाण्यात विरघळवून एकदाच घेतात आणि लघवीत त्याचे पुरेसे प्रमाण दोन दिवसांच्या आसपास टिकते. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारे जंतू वाढल्यावर त्याची किंमत आणखी कळली, भारतात तर विशेषच. गरोदर नसलेल्या, ताप किंवा कंबरेत कळ नसलेल्या स्त्रीच्या साध्या संसर्गासाठी ते आज पहिल्या फळीतल्या औषधांत गणले जाते.

तरीही २०१८ मध्ये स्वित्झर्लंड, पोलंड आणि इस्रायलमधील पाचशेहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत नायट्रोफ्युरँटॉइनचा पाच दिवसांचा कोर्स सरस ठरला. २८ दिवसांनी त्या गटातल्या ७० टक्के स्त्रियांची लक्षणे पूर्ण गेलेली होती, फॉस्फोमायसिनच्या एका डोसनंतर हे प्रमाण ५८ टक्के होते. हा फरक लहान नाही. नायट्रोफ्युरँटॉइन १९५० च्या दशकातले जुने आणि स्वस्त औषध आहे. जी बाई पाच दिवस नेमाने ते घेऊ शकते, तिला तेच द्यावे.

भारतात २०१४ पासून तिसऱ्या पिढीतल्या सेफॅलोस्पोरिनसारख्या प्रतिजैविकांवर एच-१ अनुसूचीचे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीचे, बंधन आले. या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची असते. पण कोणते औषध लागू पडेल हे नक्की कळायला लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, व्हायला हवी आणि धडगावच्या बाईला त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून सातपुडा उतरावा लागतो. मग औषध अंदाजानेच दिले जाते. फॉस्फोमायसिनही असे अंदाजाने वाटले गेले तर त्याचीही धार बोथट होईल.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी जेपोटिडॅसिन या अगदी नव्या वर्गातल्या औषधाला मान्यता मिळाली. पण तेही एका डोसचे नाही: त्याच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी, अशा पाच दिवस घ्यायच्या आहेत.