तात्पुरत्या आणि कॅश फायलींची सफाई

संगणक मंदावला, टंकलेली अक्षरे उशिरा उमटू लागली किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताच मिटू लागला, तर पुन्हा तयार होऊ शकतील अशा फायली काढून टाकण्याची देखभाल-पद्धत. बोलण्यात ‘टेम्प उडवणे’ किंवा ‘कॅश क्लिअर करणे’ म्हणतात.

तात्पुरती फाईल कामापुरती असते. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना, झिप उघडताना, वर्डमध्ये लिहिताना ती तयार होते आणि काम संपल्यावर प्रोग्रॅमनेच ती पुसायची असते. मध्येच वीज गेली किंवा बटण दाबून संगणक बंद केला, की ती तशीच पडून राहते. कॅश मात्र मुद्दाम राखलेली असते. ब्राउझर संकेतस्थळांवरची चित्रे, तर विंडोज फोटोंच्या छोट्या प्रतिमा आणि फाँटची माहिती साठवून ठेवते, म्हणजे तीच मेहनत पुन्हा नको. त्यामुळे चांगली कॅश रोज पुसणारा स्वतःच्या हाताने संगणक सावकाश करत असतो.

साठणे आणि बिघडणे हे दोन वेगळे आजार आहेत. नुसत्या साठलेल्या फायली डिस्क भरत आल्यावरच खऱ्या अर्थाने जाचतात. याला एक अपवाद आहे. विंडोजमध्ये तात्पुरत्या फायलींना नावे देणारी जुनी व्यवस्था एका फोल्डरमध्ये एका उपसर्गाची (नावाच्या सुरुवातीच्या ठरावीक अक्षरांची) ६५,५३५ नावेच देऊ शकते. ढीग वाढेल तसे मोकळे नाव शोधायला वेळ लागतो आणि शेवटी प्रोग्रॅम अडतो. बिघडलेली फाईल आकाराने लहान असली तरी जास्त त्रास देते. ती अर्धवट लिहिलेली असते. प्रोग्रॅम ती वाचायला जातो, अडतो, पुन्हा प्रयत्न करतो.

इंदूरमधल्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडण्याच्या कामात हा दुसरा आजार नीट समजून घ्यावा लागतो, कारण इथे एकाच संगणकावर हिंदी मजकुरासाठी कृतिदेव, मराठीसाठी श्रीलिपी आणि युनिकोडसाठी मंगल किंवा निर्मला असे फाँट नांदतात. फाँटची कॅश बिघडली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात, फाँटची यादी उघडायला वेळ लागतो. मग सर्व्हिसेसच्या (विंडोजमध्ये पडद्याआड चालणाऱ्या कामांच्या) यादीत विंडोज फाँट कॅश सर्व्हिस थांबवून तिच्या फायली पुसाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. कॅश आपोआप नव्याने बनते. मूळ फाँटना धक्का लागत नाही.

छपाईची रांगही अशीच अडते. श्रावण वद्य चतुर्दशीचा अहिल्योत्सव (अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी) आणि पाठोपाठ गणेशोत्सव, म्हणजे पत्रके, पावतीपुस्तके, कार्यक्रमपत्रिका एकदम येतात. अशा वेळी एक बिघडलेले काम मागची सगळी कामे रोखते आणि ‘कॅन्सल’ दाबूनही जात नाही. प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस थांबवायची, विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमधल्या ‘स्पूल’ फोल्डरातील ‘प्रिंटर्स’ रिकामे करायचे आणि सर्व्हिस परत सुरू करायची. रांगेतली सगळीच कामे जातात, ती पुन्हा पाठवावी लागतात.

नेहमीच्या सफाईसाठी विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये, रोमन लिपीत ‘टेम्प’ लिहिले की तात्पुरत्या फायलींचे फोल्डर उघडते. जी फाईल वापरात आहे ती पुसली जात नाही. तिथे ‘स्किप’ दाबावे, जबरदस्ती करू नये. डिस्क क्लीनअप हे साधन विंडोज ९८ पासून, तर ठरावीक काळाने आपोआप सफाई करणारे स्टोरेज सेन्स २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे. सेटिंग्जमधल्या तात्पुरत्या फायलींच्या यादीत ‘डाउनलोड्स’ही दिसते. त्यावर खूण केली, तर ग्राहकांनी पाठवलेले फोटो आणि मजकूर जातील.

टेम्प पुसण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावीच. ईमेलमधून थेट उघडलेली फाईल बहुतेकदा तात्पुरत्या जागेत असते. पत्रिकेचे प्रूफ तसेच उघडून, दुरुस्त करून, तिथेच सेव्ह केले असेल, तर सफाईत ती दुरुस्ती नाहीशी होते.

सफाईनंतर ‘शटडाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमध्ये प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपला जातो. प्रीफेच फोल्डर पुसण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो मानू नये. विंडोज एक्सपीपासून (२००१) या फोल्डरातली वापरलेल्या प्रोग्रॅमची नोंद ते लवकर उघडावेत म्हणूनच ठेवली जाते आणि जुन्या नोंदी विंडोज स्वतः काढते. रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारी फुकटची साधने तर हमखास टाळावीत.

कमी रॅम, व्हायरस किंवा झिजलेली हार्ड डिस्क यांवर या सफाईचा उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये काही काम चालू नसतानाही डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ दिसत असेल आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर काहीही पुसण्याच्या आधी कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.