टर्बो बदलानंतरचा पुनरावर्ती दोष

मोटारीचा टर्बोचार्जर (बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र, थोडक्यात टर्बो) नवा बसवूनही काही दिवसांनी जुनीच तक्रार परतते, म्हणजे चढावर गाडी उचलत नाही, काळा धूर सोडते आणि इंजिनाचा दिवा लागतो, त्या दोषास उद्देशून ही नोंद आहे. विदर्भाच्या ग्रामीण भागात तो मुख्यतः डिझेल जीप व मालवाहू पिकअप यांत आढळतो.

टर्बोचार्जरचा उगम बहुधा स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटापासून मानतात. गॉटलीब डाइमलर यांचे १८८५ च्या सुमाराचे पेटंट त्याआधीचे असले, तरी त्यातील हवापंप इंजिनाच्याच दंडावर चालणारा होता. बाहेर जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवण्याची कल्पना ब्यूखी यांची असल्याने १९०५ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हा भेद निदानातही उपयोगी पडतो, कारण टर्बो धूर, हवा आणि तेल या तिन्ही मार्गांवर अवलंबून असल्यामुळे त्यांपैकी कोठलाही बिघाड टर्बोच्याच नावावर खपतो.

गाडीच्या संगणकातील दोषनोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी-०२९९ हा कोड येतो. मागितलेल्यापेक्षा हवेचा दाब कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ असून कोणता भाग निकामी आहे हे त्यावरून कळत नाही. कोड उडवला की दोषाच्या क्षणी नोंदलेले वेग, भार व दाब हे आकडेही पुसले जातात, म्हणून ते आधी उतरवून घ्यावे लागतात. सपाट रस्त्यावर गप्प राहिलेला दोष परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात किंवा कापूस भरून जिनिंगकडे जाताना हमखास उघडा पडतो. चाचणी भार घालूनच घ्यावी, ती याकरिता.

दोष परतण्याच्या कारणाविषयी मिस्त्रींमध्ये दोन मते दिसतात. काहींच्या मते नवा किंवा दुरुस्त केलेला टर्बोच सदोष निघतो, तर काहींच्या मते पहिला टर्बो ज्या कारणाने गेला तेच कारण तसेच राहिलेले असते. दुसरे मत आधी तपासून पाहणे स्वस्त पडते. टर्बोचा दंड मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आणणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टात काही इंजिनांत बारीक जाळी असते. ती काजळलेल्या तेलाने बुजली आणि तशीच परत बसवली, तर नवा दंडही थोड्याच दिवसांत खेळू लागतो. तेल परत नेणारी नळी चोंदल्यास मात्र तेल इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे, झिरपते.

हवेच्या मार्गात इंटरकूलरचे होज पाइप व त्यांचे क्लॅम्प आधी पाहतात. मार्गात बाहेरून थोडा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की फटीपाशी बुडबुडे उठतात. हंगामात एअर फिल्टरच्या घड्यांत रुईचे तंतू व काळ्या मातीची धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली व्हॅक्यूम नळीही आढळते. ती हातपंप लावून तपासावी. या नळीच्या ओढीवर चालून टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या अॅक्च्युएटरचा दांडा सलग सरकला पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर दाब-सेन्सर वातावरणाचाच दाब दाखवतो, तो विदर्भाच्या सपाटीवर सुमारे ९६ ते ९८ किलोपास्कल असतो. आकडा फार वेगळा आल्यास संशय सेन्सरवर घ्यावा. उन्हाळ्यात ४५ अंशांवरील हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, त्यामुळे किरकोळ गळतीही त्या दिवसांत जाणवते.

इलेक्ट्रॉनिक अॅक्च्युएटर असलेल्या वाहनांत बदलानंतर त्याची नवी जुळणी स्कॅनरवरून करावी लागते. धुराचा झोत वळवणाऱ्या हलत्या पाकळ्या ज्या टर्बोत असतात, तेथे त्यांच्या अटकावाचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो आणि त्याला हात लावू नये. पेट्रोल टर्बोमध्ये सहसा वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूने सोडणारी झडप, असते, त्यामुळे पाकळ्या काजळीने अडकण्याचा प्रश्न तेथे क्वचितच उद्भवतो.