क्रूझवरून उतरण्याची सकाळ: पात्रता, कागदपत्रं आणि बेळगावपर्यंतची परतीची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच कुटुंबं आता क्रूझला जातात. कुणी मुंबई-गोवा अशी दोन-तीन रात्रींची सफर करतं, कुणी टूरबरोबर सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाऊन येतं. जहाजावर चढायचं कसं हे एजंट नीट समजावतात. उतरण्याबद्दल मात्र "सकाळी जहाज लागेल, मग उतरायचं" एवढंच सांगतात. खरी धावपळ तिथंच होते, आणि बरोबर आई-वडील किंवा लहान मुलं असली तर जास्तच.

पहिली गोष्ट म्हणजे, जहाज धक्क्याला लागलं की लगेच दार उघडत नाही. बंदरातले अधिकारी जहाजाची तपासणी करून मंजुरी देतात, तोवर कुणालाच खाली सोडत नाहीत. जहाज पहाटे सहाला लागलं तरी शेवटचे प्रवासी साडेनऊ-दहापर्यंत उतरत असतात. त्यामुळे परतीचं तिकीट जहाज लागण्याच्या वेळेवरून काढू नका. सिंगापुरात उतरून त्याच दिवशी भारतात यायचं असेल, तर दुपारी दोननंतरचंच विमान घ्यावं असं माझं मत आहे. सकाळच्या विमानात चार पैसे वाचतात, पण ते चुकलं तर सगळ्या कुटुंबाची तिकिटं नव्यानं काढावी लागतात.

उतरण्याचे प्रकार आणि कोणाला कोणता मिळतो

बहुतेक जहाजांवर दोन पद्धती असतात. पहिलीत आपलं सगळं सामान आपणच घेऊन उतरायचं. असे प्रवासी सहसा सगळ्यात आधी बाहेर पडतात. ज्याला स्वतःच्या बॅगा जिन्यावरून आणि उतारावरून कुणाच्या मदतीशिवाय नेता येतात, त्यानंच हा प्रकार निवडावा. त्या वेळी लिफ्टसमोर मोठी गर्दी असते, लिफ्ट मिळेलच हे धरून चालू नका.

दुसरीत आदल्या दिवशी केबिनमध्ये रंगाच्या किंवा नंबरच्या पट्ट्या येतात. त्या बॅगांना बांधून सांगितलेल्या वेळेत, म्हणजे साधारण रात्रीच्या जेवणानंतर, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. कर्मचारी त्या रात्रीतून खाली नेतात. सकाळी आपल्या रंगाचा किंवा नंबरचा पुकारा झाला की उतरायचं आणि टर्मिनलच्या हॉलमध्ये बॅगा ओळखून घ्यायच्या. ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलं असलेल्यांसाठी हीच पद्धत बरी. विमान लवकरचं असेल, तर तिकीट दाखवून आधीचा नंबर मागता येतो. मात्र ही विनंती आदल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर करावी.

व्हीलचेअरसाठी वेगळं नाव नोंदवावं लागतं. चढताना व्हीलचेअर मिळाली होती म्हणून उतरताना ती आपोआप येईल असं समजू नका. आजी-आजोबा एरवी चालते-फिरते असले तरी त्या सकाळी रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं. गुडघेदुखी असेल तर संकोच न करता नाव द्या.

हातातल्या बॅगेत काय राहायला हवं

बॅगा बाहेर गेल्या की त्या थेट टर्मिनलमध्येच भेटतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, चष्मा, मोबाइलचा चार्जर, दागिने, रोख रक्कम आणि सगळी कागदपत्रं हातातल्या पिशवीत आहेत ना, हे बॅग दाराबाहेर ठेवण्याआधी एकदा पाहा. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन आणि थोडं खाणं जवळ ठेवावं. बिस्किटांचा बंद पुडा चालेल. जहाजावरची फळं आणि शिजवलेलं अन्न बाहेर नेऊ नका, बऱ्याच देशांत त्यावर बंदी असते आणि दंडही होतो.

कागदपत्रं

देशांतर्गत सफरीला मूळ फोटो ओळखपत्र लागतं. आधार, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट, जे दाखवून चढलात तेच उतरतानाही हाताशी ठेवा. चढताना मिळालेलं जहाजाचं कार्ड बाहेर पडताना शेवटचं स्कॅन होतं, तोवर ते जपा.

परदेशी सफरीत काही जहाजं प्रवाशांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. तसं असेल तर परत कधी आणि कुठे मिळणार ते विचारून घ्या, आणि हातात आल्यावर प्रत्येकानं आपलाच आहे ना ते उघडून पाहा. एकाच आडनावाच्या आठ-दहा जणांच्या गटात अदलाबदल सहज होते.

सिंगापूरहून निघून सिंगापुरातच उतरणाऱ्यांचा तिथं पुन्हा प्रवेश होतो. त्यासाठी भारतीयांकडे एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, हेही परतीसाठी नव्यानं भरावं लागतं. ते उतरण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. समुद्रात इंटरनेट महाग असतं, म्हणून मधल्या बंदरात उतरलात की तिथंच हे काम उरकून घ्या. सिगारेटवर सिंगापुरात करमाफी नाही, आणि मलेशियाहून आल्यास दारूवरही नाही.

हिशेब

जहाजावरचा खर्च जहाजाच्या कार्डावर चढत जातो आणि शेवटच्या रात्री किंवा पहाटे त्याचं बिल येतं. ते रात्रीच वाचा. न घेतलेली वस्तू दिसली तर तेव्हाच काउंटरवर सांगा, कारण सकाळी तिथं लांब रांग असते. या खर्चासाठी जहाजाकडे आधी रोख रक्कम भरलेली असेल तर उरलेले पैसे उतरण्याआधी मागून घ्या. डेबिट कार्ड दिलं असेल तर जहाजानं बँक खात्यात अडवून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात. परतीच्या प्रवासासाठी त्याच खात्यावर अवलंबून राहू नका.

भारतात कस्टम्स

परदेशातून येणाऱ्या प्रौढाला 2 लिटरपर्यंत दारू आणि 100 सिगारेटी करमाफीत आणता येतात. ई-सिगारेट मात्र आणूच नका, 2019 च्या कायद्यानं तिच्या आयातीवर बंदी आहे. 5000 डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या परकीय नोटा असतील तर त्या जाहीर कराव्या लागतात.

सोन्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दागिन्यांवरची करमाफी वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, आठवडाभराच्या सफरीवरून परतणाऱ्यांना ती लागू नाही. घरचेच पाटल्या-बांगड्या, हार असे भारी दागिने नेणार असाल, तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे दागिने इथूनच नेल्याचा दाखला, करून घ्या. ते नसेल तर परतताना दागिने आपलेच आहेत हे पटवून देणं अवघड जातं. माझं ऐकाल तर मंगळसूत्र आणि रोजचं कानातलं एवढंच न्या.

बंदरातून घरी

मुंबईत बॅलार्ड पियरला उतरलात तर सीएसएमटी जवळ आहे. पण दादरहून मिरजमार्गे बेळगावला येणाऱ्या गाड्या रात्रीच्या असतात, म्हणजे मधला सगळा दिवस काढावा लागतो. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवता येतात, मात्र बॅगांना कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं.

गोव्यात मुरगाव बंदर वास्को स्टेशनापासून जवळ आहे, आणि वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस लोंढ्यावरून बेळगावला येते. सकाळच्या उतरण्याशी तिची वेळ चांगली जुळते. घरून गाडी बोलावणार असाल, तर बंदर हे सुरक्षित क्षेत्र आहे, पासशिवाय गाडी आत येत नाही. ड्रायव्हरला गेटबाहेर कुठं थांबायचं ते आधीच ठरवून सांगा. भाड्याची गाडी असेल तर गोव्यात यायचं परमिट काढलंय ना, हे निघायच्या आधी विचारा. गाडीला जहाज लागण्याची नाही, तर तुमच्या नंबरची वेळ द्या, नाहीतर थांबण्याचे पैसे वाढत जातात.

चोर्ला घाटानं येणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. गोव्यात स्वस्त म्हणून घेतलेल्या बाटल्या परवान्याशिवाय कर्नाटकात आणता येत नाहीत, आणि कणकुंबीच्या नाक्यावर अबकारी खातं गाड्या तपासतं. बाटली जप्त होते, गुन्हाही नोंदला जाऊ शकतो. परदेशातून कस्टम्समधून रीतसर आणलेली बाटली असेल तर तिची पावती डिकीतल्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवा.