चार बोल्ट की पाच? घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारच्या हबचा हिशेब

आधी देखणी अलॉय व्हील्स घ्यायची आणि मग ती बसतील असा हब शोधत फिरायचं, यात पैसे हमखास वाया जातात. बोल्ट पॅटर्न, म्हणजे बोल्ट किती आणि केवढ्या वर्तुळावर, ठरवतो तो हब: चाक ज्यावर बसतं आणि ड्राइव्हशाफ्ट ज्यातून जातो तो भाग. शाफ्टवरचे दाते (स्प्लाइन), बेअरिंग, ब्रेकची डिस्क, कॅलिपर, सगळं त्याच्याशी जुळलेलं असतं. स्विफ्टचं इंजिन आणि गिअरबॉक्स सीटमागे टाकणार असाल, तर तिचेच पुढचे नकल (हब आणि बेअरिंग धरणारे सांगाडे), हब आणि शाफ्ट मागे वापरा. पॅटर्न झाला 4×100, म्हणजे 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड (हबमध्ये पक्के बसवलेले बोल्ट). पुढेही तोच ठेवा, म्हणजे एकच स्टेपनी चारही चाकांना चालते.

पुढे तसलाच हब शाफ्टशिवाय लावला तर एक गोष्ट विसरू नका. हे बेअरिंग मधल्या मोठ्या नटाने आवळूनच धरलेलं असतं. जुन्या शाफ्टचं बाहेरचं टोक कापून हबमध्ये घाला आणि नट पूर्ण टॉर्कला आवळा, नाहीतर बेअरिंग लवकरच आवाज करू लागेल.

‘पण चार बोल्ट पुरतील?’ पुरतात. चाक बोल्टवर लटकत नाही. बोल्टच्या ताणामुळे ते हबवर दाबलं जातं आणि घर्षण त्याला धरून ठेवतं. 12 मिमीचा स्टड 100 न्यूटन-मीटरला आवळला की साधारण 4 टनांचा दाब येतो, चारांचा मिळून 16 टनांच्या आसपास. घर्षणांक 0.15 धरला तरी हा जोड 1200 न्यूटन-मीटर पेलतो. 700 किलोच्या गाडीला करकचून ब्रेक मारला तर पुढच्या एका चाकावर 650च्या आसपास येतात. पाच बोल्ट रुबाबदार दिसतात, एवढंच.

भंगारातला हब घेताना अचूक मोजमापाचा व्हर्नियर खिशात असू द्या. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांचं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर हीच पीसीडी, म्हणजे स्टडांच्या वर्तुळाचा व्यास. पाच असतील तर शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजून 1.701 ने गुणा: 58.8 मिमी आलं तर पोलोचा 5×100, 67.2 आलं तर इनोव्हाचा 5×114.3. फियाटच्या 4×98 पासून सावध. ते चाक 4×100 वर रेटून बसवता येतं, पण प्रत्येक स्टड 1 मिमी वाकडा ओढला जातो आणि पुढे थकून तुटतो.

पीसीडी जुळली तरी मधलं भोक तपासायचं राहतंच. होंडा सिटीच्या चाकाचं 56.1 मिमी, स्विफ्टच्या हबचं तोंड 54.1. सिटीचं चाक स्विफ्टवर चढतं, पण नीट मधोमध बसण्यासाठी हब रिंग लागते. उलट केलं तर चढतच नाही. नटाची बैठकही पाहा. होंडाच्या मूळ चाकांना गोलसर बैठकीचे नट लागतात, बाजारातल्या बहुतेक अलॉयना 60 अंशांच्या शंकूचे. अदलाबदल केली तर नट कडेच्या बारीक रेघेवर टेकतो आणि सैल होतो.

हबला नवी भोकं पाडायचीच असतील तर हातातलं ड्रिल लांब ठेवा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडला व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉबवर्क करणाऱ्याकडून करून घ्या. 100 वरून 114.3 वर जाताना नवी भोकं जुन्यांपासून 45 अंश फिरवावी लागतात, नाहीतर ती एकमेकांत शिरतात. फ्लँजच्या (हबच्या स्टड बसतात त्या चकतीच्या) कडेला पुरेसा पोलाद उरत नसेल तर तो नाद सोडा. डिस्कलाही तीच भोकं लागतात, हे बऱ्याचदा शेवटी आठवतं.

बसवताना हब आणि चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागांवरचा रंग खरवडून काढा. तो दबत जातो तसा ताण उतरतो. आट्यांना तेल लावू नका, त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे: स्विफ्टच्या 1.25 पिचच्या आट्यावर जवळपास दहा फेरे. चाक हवेत असताना समोरासमोरचे नट हलके आवळा, जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने पूर्ण करा आणि 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. त्यानंतरच्या तपासणीतही नट फिरला, तर नुसता आवळून सोडू नका. चाक उतरवा आणि बैठकीत गंजाची तांबूस भुकटी दिसते का ते पाहा. दिसली तर तो जोड आतल्या आत हलतोय.