चाचणीचा प्रश्न कोण ठरवतं?

१९७४ साली अमेरिकेतल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंच्या हाताला स्तनात गाठ लागली. त्या काळची रीत अशी होती: बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर छातीवरून हात फिरवला की बाईला निकाल कळे. कुशनरबाईंचं म्हणणं साधं होतं. आधी फक्त तपासा, मला सांगा, पुढचं मी ठरवते. एवढी गोष्ट मान्य करणारा डॉक्टर मिळेपर्यंत त्यांना एकामागून एक सर्जनना फोन करावे लागले.

शिवाय स्तन काढणं म्हणजे नुसता स्तन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही जात. एवढं सगळं काढल्याने बायका खरंच जास्त जगतात का, हा प्रश्न कित्येक दशकं कोणी नीट तपासलाच नव्हता. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी तो तपासायला घेतला. १९७६ मध्ये त्यांची 'बी-०६' ही चाचणी सुरू झाली. काहींचा पूर्ण स्तन काढायचा, काहींची फक्त गाठ आणि काहींची गाठ काढून वर रेडिएशन द्यायचं. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरही ठरवणार नाहीत, रुग्णही नाही, सोडत काढायची. पण म्हाडाच्या सोडतीत घर लागलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरता येतो. ही सोडत एकदाच.

साहजिकच बायका पुढे येईनात, आणि सोडतीची गोष्ट रुग्णापुढे काढणं सर्जननाही जड जाई. शेवटी क्रम उलटा केला: आधी सोडत काढायची, जे निघेल ते रुग्णाला सांगायचं आणि मग संमती विचारायची. भरती वाढली, पण ही पद्धत नैतिक आहे का यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. माझ्या मते तो वाद योग्यच होता. १९८५ मध्ये निकाल आले. स्तन राखूनही बायका तेवढ्याच जगत होत्या. दरम्यान १९७९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने बसवलेल्या तज्ज्ञमंडळात कुशनरबाई होत्या आणि तपासणी व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कराव्यात, अशी शिफारस त्या मंडळाने केली.

ही झाली एका बाईची चिकाटी. यंत्रणा उभी राहायला आणखी पंचवीस वर्षं गेली. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००५ मधल्या एका अहवालानंतर आजारागणिक सुकाणू समित्या नेमायला सुरुवात केली: स्तनाची वेगळी, फुप्फुसाची वेगळी, लिंफोमाची वेगळी. त्यात कॅन्सरतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ असतात, गावोगावच्या दवाखान्यांतले डॉक्टर असतात आणि रुग्णप्रतिनिधीही सदस्य म्हणून बसतात. देशभर चालणारी मोठी चाचणी घ्यायची तर आधी तिची कल्पना थोडक्यात लिहून या समितीपुढे मांडायची. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे का, उत्तराने कोणाचे उपचार बदलतील, आणि लोक यात सामील होतील का, यावर तिथे खल होतो.

तिसरा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. २०१० मध्ये झालेल्या एका आढाव्यात दिसलं की या संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या चाचण्यांपैकी सुमारे ४० टक्के पूर्णच होत नव्हत्या. हे नुकसान पैशाचं तर आहेच. पण अर्धवट चाचणीत ज्यांनी सुया टोचून घेतल्या, त्यांच्या त्रासातून कोणालाच काही कळत नाही. दर तीन आठवड्यांनी जादा बायोप्सी, दोनशे किलोमीटरचा प्रवास, रोजंदारी बुडवून दिवसभराची रांग हे सगळं कागदावर दोन ओळींत मावतं. त्या ओळींवर बोट ठेवणारा माणूस बहुधा त्यातून गेलेलाच असतो. दुष्परिणामांचंही तसंच. मळमळ किती झाली, हे डॉक्टरने फॉर्ममध्ये भरायचं की ज्याला झाली त्याने? आता याच संस्थेची ७८ लक्षणांची प्रश्नावली आहे आणि ती रुग्ण स्वतः भरतो.

तरीही रुग्ण सोबत घेतले की सगळं सुरळीत होतं असं नाही. 'कॉमेट' चाचणीच बघा. दुधाच्या नळीतच राहिलेल्या, कमी धोक्याच्या पेशीबदलांसाठी लगेच शस्त्रक्रिया करायची की नियमित तपासणी करत लक्ष ठेवायचं, हा तिचा प्रश्न. हे निदान झालेल्या बायकांनाच तो सतावत होता आणि आखणीत त्या पहिल्यापासून होत्या. तरी सोडतीत शस्त्रक्रिया आलेल्या बऱ्याच जणींनी ती करून घेतली नाही आणि लक्ष ठेवण्याच्या गटातल्या काहींनी मात्र करून घेतली! २०२४ च्या डिसेंबरात पहिले निकाल आले. दोन वर्षांत नळीबाहेर पसरणारा कॅन्सर आढळण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के, तर लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के. म्हणजे थांबून बघणं वाईट ठरलं नाही. दोन वर्षं हा काळ फार थोडा आहे, त्यामुळे या बायकांवर पुढेही नजर ठेवली जाणार आहे.

आपल्याकडे प्रश्नच वेगळे पडतात. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं भारतात शंभरातल्या तिघांनाही परवडत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी म्हणून विचारलं, की निव्होलुमॅब या अशाच एका औषधाच्या नेहमीच्या डोसचा छोटासा अंश दिला तर? डोकं-मानेचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट करून त्यांनी हे तपासून बघितलं. एका गटाला नेहमीच्या स्वस्त गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के होतं. औषध बनवणाऱ्या कंपनीला हा प्रश्न कशाला सुचेल?

२०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आता देशभरातली तीनशेहून जास्त केंद्रं आहेत. असे प्रश्न एकत्र बसून ठरवायला जागा आहे. रुग्णाची खुर्ची मात्र अजून दारापाशीच आहे. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक एथिक्स कमिटीत, म्हणजे चाचणीला आधी मंजुरी देणाऱ्या समितीत, एक सामान्य माणूस असावाच लागतो. तो संमतीपत्राची भाषा बघतो, विमा विचारतो, नुकसानभरपाई विचारतो. पण त्याच्या हाती फाइल येते तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, डोस ठरलेला असतो, आणि रुग्णाने किती खेपा घालायच्या हेसुद्धा.